ग्रामसभेत काय निघणार ते ऋतू ठरवतो : तुमच्या गावचा अनुभव सांगा

आमच्या गावात ग्रामसभेची नोटीस वाचावी लागत नाही. 1 मे असेल तर विषय पाणी. 15 ऑगस्टला खड्डे आणि तुंबलेलं गटार, 2 ऑक्टोबरला खांबावरचे बंद दिवे (नवरात्र तोंडावर असतं ना), 26 जानेवारीला घरपट्टीची थकबाकी. विषयपत्रिकेवर दहा ओळी छापलेल्या असतात, पण लोक कशावरून भांडणार ते हवामानच ठरवतं.

तुमच्याकडे काय होतं? ग्रामसभा, नगरपालिकेची सभा, जत्रेची बैठक, काहीही चालेल. पक्ष आणि माणसांची नावं नकोत. जे डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहा.

सातारा जिल्हा

सुरुवात मीच करतो. गावात मतदार 1900च्या आसपास. कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातला जो आकडा कमी असेल तो. म्हणजे आम्हाला शंभर माणसं हवीत. दोन वर्षांपूर्वी 1 मेला झेंडावंदन झालं, पोरं लिमलेटच्या गोळ्या घेऊन पळाली आणि सतरंजीवर उरलो आम्ही एक्केचाळीस जण. मग शिपाई रजिस्टर घेऊन गल्लीत निघाला. माझ्या चुलतभावानं मोटरसायकलच्या सीटवर रजिस्टर ठेवून सही केली.

"कशाची रं?"
"ग्रामसभेची."
"झाली व्हय?"
"चाललीय."

एवढं करूनही शंभर भरले नाहीत. सभा तहकूब. तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे पुढच्या आठवड्यात संध्याकाळी मारुतीच्या देवळात तीसेक जण जमलो. "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा पहिला विषय आमच्याकडे "कायम, कायम" म्हणत दहा सेकंदांत उरकतो. त्या दिवशी नेमका वळीव आला. लाईट गेली. बाहेर गारा, घरी कुणालाच जाता येईना. कुणीतरी ग्रामसेवकाला म्हणालं (त्याला हाक भाऊसाहेब), बसलोच आहे तर वाचा की भाऊसाहेब. मोबाईलच्या उजेडात अख्खं इतिवृत्त वाचलं गेलं, माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. त्यात एक ओळ निघाली, देवळामागच्या बंदिस्त गटाराचं काम पूर्ण झाल्याची. ती ओळ ऐकताना आम्ही सगळे पायऱ्यांवर चढून बसलो होतो, कारण देवळामागचं पाणी सभामंडपात शिरत होतं.

पुढे काय झालं? चौकशी लागली, अजून चालू आहे. पण तेव्हापासून इतिवृत्त वाचलं जातं, लाईट असली तरी.

बीड जिल्हा, जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक

26 जानेवारीची ग्रामसभा आमच्याकडे नुसती नावाला. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाचे ट्रक येतात आणि कोयते गाव सोडतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्यांसाठी सांगतो. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली असते, ती फेडायला पार कर्नाटकापर्यंत जातात. परत येतात ते मार्च-एप्रिलात, कारखाना बंद झाला की. जानेवारीत गावात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि कुत्री.

कोरम मात्र मोजायचा सगळ्या मतदारांवर. जे फडात आहेत तेही मतदारच.

मागे राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं. त्यात कुणाची मुलं घ्यायची यावर बोलायचं, तर आईबाप शेकडो किलोमीटर लांब. एका वर्षी आम्ही ठरवलं की ही यादी 2 ऑक्टोबरच्या सभेतच वाचायची, माणसं गावात असताना. वाचली. एक बाई मागून उठली आणि म्हणाली, "माझ्या पोरीचं नाव लिहू नका, धाकट्याला सांभाळायला ती सोबत लागती." सभेत कुणीच काही बोललं नाही. मीही नाही. ती मुलगी चौथीत होती.

रत्नागिरी जिल्हा

आमच्याकडे दोन गावं आहेत, एक इथलं आणि एक मुंबईतलं. 1 मेला चाकरमानी आंब्यासाठी आलेले असतात, त्यामुळे सभेला गर्दी दिसते. पण त्यातल्या निम्म्यांचं मतदान मुंबईत. बोलायला सगळ्यात पुढे तेच, आणि ठरावाला हात वर करायची वेळ आली की भाऊसाहेब चष्म्यावरून बघतात.

वादाचा कायमचा विषय पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट. चाकरमान्यांना ती सिमेंटची हवी, गणपती डोक्यावरून आणताना पाय घसरू नये म्हणून. आम्हाला जांभ्याचीच बरी वाटते, कारण सिमेंटवर जुलैत जी शेवाळ धरते ती आम्हालाच बारा महिने झेलायची असते. तीन वर्षं हा वाद चालला. शेवटी एका गणपतीत सिमेंटच्या नव्या तुकड्यावर मुंबईहून आलेला एक काकाच आपटला, मूर्ती वाचली, मनगट गेलं. उरलेली पाखाडी जांभ्याची झाली. ठराव एकमताने, सूचक काकाच, प्लॅस्टरसकट. (मतदार आहे तो, विचारून घेतलं.)

साकवाचं (ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं) मात्र काही झालेलं नाही. दर पावसाळ्यात फोटो जातो, दर उन्हाळ्यात लोक विसरतात.

विदर्भातलं तालुक्याचं गाव

2014 नंतर राज्यातल्या बऱ्याच तालुक्याच्या गावांच्या नगरपंचायती झाल्या, त्यात आमचंही गाव गेलं. बोर्ड बदलला, 17 प्रभाग झाले. ग्रामसभा संपली, हे मात्र लोकांच्या लक्षात यायला वर्ष लागलं. पोळ्याआधी बैलांच्या मिरवणुकीचा रस्ता दुरुस्त करा म्हणून आम्ही सवयीनं सभेला गेलो, तर शिपाई म्हणाला, तुम्हाले आत बोलता येत नाही, नगरसेवकाले सांगा. बाजूला बसून ऐका म्हणे. ऐकलं. एकूणएक विषय मंजूर, आमच्या रस्त्याचा विषयच नव्हता. पूर्वी भांडण तरी व्हायचं.

नगर परिषदेचं गाव, मार्च महिना

आमच्या नगर परिषदेची मार्चअखेर म्हणजे भोंग्याची रिक्षा. "सर्व मालमत्ताधारकांना कळवण्यात येते की…" हे मी झोपेतही म्हणू शकते. एका वर्षी मोठ्या थकबाकीदारांची नावं चौकात फ्लेक्सवर लावली. आम्ही मैत्रिणी हसत हसत वाचत होतो. सातव्या नंबरवर आमचे आजोबा. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. घर अजून त्यांच्याच नावावर, आणि चार भावांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की घरपट्टी दुसरा भरतोय. पाडव्याला चौघं एकत्र बसले ते कित्येक वर्षांनी, फ्लेक्सच्या कृपेने. वारसनोंदीचा अर्ज त्याच दिवशी लिहिला. आजी म्हणाली, मेल्यावरसुद्धा फोटो लागला नव्हता चौकात, नाव तरी लागलं.

लातूर जिल्हा, ग्रामपंचायत सदस्य (दोन वेळा निवडून आले)

नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची, हे कायद्यातच आहे. आमच्याकडे ती व्हायची सकाळी अकराला, आणि ऑगस्टात अकराला बायका खुरपणीला. अंगणवाडीताई, आशाताई, मी आणि दोन म्हाताऱ्या, झाली महिला सभा. सरपंचबाईंच्या खुर्चीत त्यांचे मिस्टर. ते उठायचे नाहीत, आणि त्यांना उठा म्हणायचं कुणी?

दुसऱ्या टर्मला मी हट्ट धरला, वेळ रात्री साडेआठची ठेवा. बायका म्हणाल्या, भाकरी थापून येतो. अंगणवाडीच्या पटांगणात त्रेसष्ट बायका आल्या. पुरुषांनी यायचं नाही असं मी दारातच सांगितलं. सरपंचांच्या मिस्टरांनी बाहेर ओट्यावर बसून सगळं ऐकलं, तो भाग वेगळा.

मला वाटलं होतं बायका दारूचा विषय काढतील, आडवी बाटली करू, म्हणजे दारूबंदीचं मतदान घेऊ म्हणतील. तो निघाला, पण नंतर. पहिलीच बोलली ती विशीतली सून. म्हणाली, नळ रात्री अडीचला का येतो? आठ दिवसांनी येतो त्याचं काही नाही, पण अडीचला का? मी रात्रभर जागते, कारण कधी येईल ते कुणीच सांगत नाही. हंड्यावर वाटी उपडी घालून नळाखाली ठेवते, धार पडली की वाजती. तिनं हातानं करून दाखवलं. मागून आणखी चौघी म्हणाल्या, आम्ही ताटली ठेवतो, आम्ही डबा ठेवतो.

इतकी वर्षं ग्रामसभेत पाणी पाणी म्हणून आरडाओरडा होत होता, पण पाणी किती वाजता येतं हे एकाही पुरुषानं विचारलं नव्हतं. भरणारा तो नसतो.

पाणी सोडणाऱ्याला तिथंच बोलावून घेतलं. तो बिचारा घाबरला. म्हणाला, विहिरीवरची मोटार शेतीच्या लाईनवर आहे, थ्री फेज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात टाकी भरता भरता दोन वाजतात, आणि मी झोपायच्या आधी वॉल सोडून जातो. मग एकीनं विचारलं, सोडल्याबिगर टाकी फुटती काय? सकाळी पाचला सोड की. तो म्हणाला, मला कुणी सांगितलंच नाही.

ठरलं एवढंच. रात्रीच्या आठवड्यात टाकी भरून ठेवायची, पाणी पहाटे पाचला सोडायचं, आणि कोणत्या गल्लीला कोणता वार हे टाकीखालच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. फळा शाळेतला जुना. खर्च शून्य. पोरं फळा पुसतात, त्याचं काय करायचं ते पुढच्या सभेत बोलू म्हणलं, आणि खरंच बोललो. आता ऑईलपेंटनं लिहिलंय.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आठ दिवसांनी प्रोसिडिंग बघितलं, तर दोन तासांच्या सभेची एकच ओळ : "पाणीपुरवठ्याबाबत सविस्तर चर्चा झाली." मी भाऊसाहेबांना म्हणलं, खोडा आणि मी सांगते ते लिहा. त्यांनी लिहिलं. वाटीसुद्धा लिहायला लावली मी.

एक भाऊसाहेब

वरचं वाचलं. "सविस्तर चर्चा झाली" हे वाक्य आमचंच, नाकारत नाही. पदाचं नाव बदलून आता ग्रामपंचायत अधिकारी झालं, हाक तीच आहे आणि पेनही तेच आहे. माझ्याकडे दोन गावं. 15 ऑगस्टला एकीकडे झेंडा, दुसरीकडे सभा, मध्ये बारा किलोमीटर आणि पाऊस.

लोकांना एक सांगतो. पंधराव्या वित्त आयोगाचा (2021 ते 2026) निधी आला की सगळे म्हणायचे देवळापुढं सभामंडप करा. त्यातले 60 टक्के बंधित असायचे, ते पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे. उरलेल्या 40 टक्क्यांत अख्खं गाव बसवायचं. हे मी दर सभेत सांगायचो, आणि दर सभेत मागून एक जण म्हणायचा, "भाऊसाहेबाच्या मनात नाही." इतिवृत्तात हेही लिहायला पाहिजे खरं तर. त्या लातूरच्या ताईंसारखी सदस्य माझ्या गावात असती तर मला त्रास झाला असता, पण काम चांगलं झालं असतं.

शिरोळ तालुका, कोल्हापूर जिल्हा

आमच्या पावसाळी बातम्या ठरलेल्या. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी किती? 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, हे पहिलीतलं पोरही सांगेल. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार झालं का, म्हणजे पुराचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं का? मग जनावरं कुठं न्यायची. 2019च्या महापुरानंतर 15 ऑगस्टला झेंड्याभोवती चिखल होता आणि विषय एकच, पंचनामा.

पण सांगायचंय ते वेगळं. मे 2022मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, सगळं बंद. त्याच महिन्यात सरकारचं परिपत्रक निघालं आणि मग आमच्या गावानंही ठराव घेतला. एकमतानं, टाळ्या, फोटो. विरोध करतो कोण? मेमध्ये काही करायचंच नव्हतं.

खरा प्रश्न आला संक्रांतीला. हळदीकुंकवाला कुणाला बोलवायचं? बचत गटाच्या आम्ही पाच जणी घरोघरी सांगून आलो, बारा जणींना. तिघी आल्या. त्यातली एक माझी मोठी जाऊ. दारात चप्पल काढून उभी राहिली, आत येईना. तिच्या हातात वाण होतं, स्टीलची छोटी गाळणी, तिनं स्वतः आणलेली, रुमालात गुंडाळून. म्हणाली, मी द्यायला आलीय, घ्यायला नाही. आधी दिलं, सगळ्यांना. मग बसली.

पुढच्या वर्षी पाच आल्या. ठरावाची प्रत पंचायतीत फ्रेम करून लावलीय, काच पुरात गेली होती ती परत बसवली.

सातारा जिल्हा, पुन्हा मीच

काल आमच्याकडे नोटीस लागली. विषय अकरा, शेवटचा नेहमीचा : "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय." पारावर त्याखाली कुणीतरी पेनानं लिहिलंय, "पाणी किती वाजता?" अक्षर माझ्या बायकोचं वाटतंय. मी विचारलेलं नाही.