न्यायालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या आदेशांच्या फायलींना नावे कशी द्यावीत?

सुकीकाठ, रावेर

नमस्कार. आमच्या एकत्र कुटुंबाच्या शेतजमिनींविषयीची न्यायालयीन कागदपत्रे सांभाळण्याचे काम आप्पांनी आता माझ्याकडे सोपवले आहे. वाटपाचा दावा तालुक्याच्या दिवाणी न्यायालयात चालला आणि त्या निकालावरील अपील जिल्हा न्यायालयात आहे. याखेरीज प्रकल्पात गेलेल्या दुसऱ्या जमिनीच्या वाढीव मोबदल्यासाठी केलेले भूसंपादन संदर्भ अर्ज निकाली निघून त्यांवरील प्रथम अपिले औरंगाबाद खंडपीठात प्रलंबित आहेत.

जुने कागद बस्त्यात नीट बांधलेले आहेत. अडचण संगणकावरच्या कागदांची आहे. संकेतस्थळावरून उतरवलेल्या फायलींची नावे म्हणजे आकड्यांच्या लांब माळा आहेत, किंवा एकच नाव आणि त्यापुढे कंसात एक, दोन, तीन. काही आदेश वकीलसाहेबांनी व्हॉट्सॲपवर पाठवले, ते आणखी वेगळ्याच नावांनी साठले आहेत. निशाणी ५ वरचा, म्हणजे दाव्यातल्या पाचव्या क्रमांकाच्या अर्जावरचा, मनाई हुकूम हवा असला की प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते.

सर्व फायलींना एका पद्धतीने नावे द्यावीत असे ठरवले आहे, पण नावात काय घ्यावे, कोणत्या क्रमाने घ्यावे आणि नावे मराठीत असावीत की रोमन लिपीत, यावर निर्णय होत नाही. ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ, धुळे

मी दिवाणी बाजूला वकिली करतो, त्यामुळे हा प्रश्न रोजचाच आहे. प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र फोल्डर तुम्ही करालच. तरीही फाइलीचे नाव असे असावे की ती फोल्डरमधून बाहेर पडून एकटी कोणाच्या फोनवर गेली तरी कोणत्या प्रकरणातला कोणता कागद आहे हे तिच्यावरूनच कळावे. खंडपीठातल्या वकिलांना तुम्ही फोल्डर पाठवत नाही, एकेक फाइल पाठवता, आणि त्यांच्याकडे तशा फायली दिवसभर येत असतात.

माझा क्रम असा आहे: आधी आदेशाची तारीख, मग प्रकरणाचा प्रकार, क्रमांक व वर्ष, मग निशाणी असल्यास तिचा क्रमांक आणि शेवटी कागदाचे स्वरूप. उदाहरणादाखल, २०१९-०७-१२_रेमुनं-१२५-२०१८_नि५_मनाईहुकूम. यात ‘रेमुनं’ म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर आणि ‘नि’ म्हणजे निशाणी. तारीख वर्ष, महिना, दिवस अशा उलट्या क्रमाने लिहिल्याने फायली आपोआप कालक्रमाने लागतात. आपण एरवी लिहितो तशी दिवसापासून सुरू केली, तर वेगवेगळ्या वर्षांतल्या सगळ्या बारा तारखा एका जागी गोळा होतात.

ही तारीख न्यायाधीशांनी आदेश दिला त्या दिवसाचीच घ्यावी; तो संकेतस्थळावर चढला किंवा तुम्ही उतरवला त्या दिवसाची नको. व्हॉट्सॲपने साठवलेल्या अनेक फायलींच्या नावात तारखेसारखे दिसणारे आठ आकडे असतात, पण ती फाइल मिळाल्याची तारीख असते. नाव देताना ती उचलली गेली तर अपिलाची मुदत मोजण्यात घोटाळा होईल. जिल्हा न्यायालयातील अपिलाला तीस दिवस आणि उच्च न्यायालयातील अपिलाला नव्वद दिवस ही मुदत हुकूमनाम्याच्या (निकालावरून काढलेल्या औपचारिक आदेशाच्या, म्हणजे डिक्रीच्या) तारखेपासून चालते, त्यामुळे हा बारकावा क्षुल्लक समजू नये.

दुसरा बारकावा निकालपत्र आणि हुकूमनामा यांचा. हुकूमनामा नंतर तयार होतो, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २०, नियम ७ प्रमाणे त्यावर तारीख निकाल जाहीर झाल्याच्या दिवसाचीच असते. म्हणून दोन्ही फायलींची तारीख आणि क्रमांक तंतोतंत सारखे येतात आणि शेवटचा शब्दच त्यांना वेगळे करतो. वाटपाच्या दाव्यात तर प्राथमिक हुकूमनामा आणि अंतिम हुकूमनामा असे दोन असतात. नुसते ‘हुकूमनामा’ लिहून तिथे भागत नाही. त्याचप्रमाणे उतरवलेली प्रत आणि सही-शिक्क्याची नक्कल यांत नावातच भेद ठेवा, कारण नकलेवर अर्ज केल्याचा आणि नक्कल तयार झाल्याचा दिनांक असतो आणि मुदत कायद्याच्या कलम १२ खाली तो काळ वजा मिळवण्यासाठी तीच नक्कल लागते. मी नकलेच्या नावाला शेवटी ‘सशि’ जोडतो.

क्रमांकाविषयीही सांगतो. दाव्याला आधी दाखल क्रमांक मिळतो आणि छाननीनंतर नोंदणी क्रमांक. उच्च न्यायालयात स्टँप नंबर आणि नोंदणी क्रमांक असे दोन असतात. नावात नेहमी नोंदणी क्रमांक घ्यावा. प्रत्येक प्रकरणाला ओळखीसाठी मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक प्रकरण शोधायला उत्तम, पण तो डोळ्यांनी वाचण्यासाठी नाही. त्यातली पहिली चार अक्षरे राज्य आणि जिल्हा दाखवतात, पुढचे दोन अंक न्यायालयाची आस्थापना, मग सहा अंकी अनुक्रमांक आणि शेवटी चार अंकी वर्ष. एवढी माळ प्रत्येक नावात ओवण्यापेक्षा ती फोल्डरच्या नावात एकदा लिहावी.

जुना दप्तरी, अमळनेर

वकीलसाहेबांच्या पद्धतीला माझा एका ठिकाणी विरोध आहे. मी अनेक वर्षे वकिलांकडे कारकुनी केली आहे. पक्षकार येतो तेव्हा तारीख सांगत नाही, तो दाव्याचा नंबर सांगतो किंवा गावाचे नाव सांगतो. म्हणून नंबर आधी आणि तारीख नंतर घ्यावी, म्हणजे सर्व फायली एकाच ठिकाणी पडल्या असल्या तरी एका दाव्याचे कागद एकत्र लागतील आणि त्या दाव्यापुरता कालक्रमही टिकेल. वकीलसाहेबांचा क्रम स्वतंत्र फोल्डर असतील तरच चालतो, आणि मोबाइलच्या डाउनलोडमध्ये कोणीच फोल्डर करत नाही. तुम्ही दोन्हींतला कोणताही एक क्रम घ्या, मात्र मध्येच बदलू नका.

त्याहून मोठी अडचण शुद्धलेखनाची आहे. एकाच माणसाने एकदा ‘अपील’, एकदा ‘अपिल’, कुठे ‘हुकूमनामा’ तर कुठे ‘हुकुमनामा’, ‘पुरसीस’ आणि ‘पुरशीस’ असे लिहिले की शोधताना निम्म्या फायली सापडत नाहीत, कारण ऱ्हस्व आणि दीर्घ हे संगणकाला निराळे शब्द वाटतात. आपल्या भागात तर बोलण्यात एक आणि लिहिण्यात दुसरे, त्यामुळे हे फार होते. म्हणून आधी ठरलेल्या शब्दांची यादी एका साध्या फाइलीत लिहून ठेवावी आणि शब्द तिथूनच उचलावा: दावा, कैफियत, शपथपत्र, पुरसीस, रोजनामा, आदेश, निकालपत्र, हुकूमनामा, दरखास्त, नक्कल. यापेक्षा फार जास्त शब्द लागत नाहीत.

न्यायाधीशांचे नाव फाइलीच्या नावात घेऊ नये, ते बदलत राहतात. वकिलाचेही नको.

गोमाई, शहादा

मी संगणक क्षेत्रात काम करतो, न्यायालयाचा अनुभव फक्त घरच्या एका प्रकरणापुरता आहे, म्हणून तांत्रिक बाजूपुरतेच लिहितो.

प्रकरण क्रमांकातली तिरपी रेघ फाइलीच्या नावात चालत नाही. विंडोजमध्ये एकूण नऊ चिन्हे वर्ज्य आहेत: दोन्ही दिशांच्या तिरप्या रेघा, अपूर्णविराम, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान आणि मोठे दाखवणारी दोन चिन्हे आणि उभी रेघ. १२५/२०१८ हे १२५-२०१८ असेच लिहावे लागेल, नि. ३/१ हे नि३-१, आणि सात-बाराही अक्षरांतच. उच्च न्यायालयाच्या निकालांवर २०२३ पासून जो तटस्थ संदर्भ क्रमांक (न्यूट्रल सायटेशन) येतो, त्यात वर्ष, खंडपीठाची आद्याक्षरे आणि अनुक्रमांक यांच्यामध्ये अपूर्णविराम असतो. तो जसाच्या तसा नावात चिकटवायला गेलात तर विंडोज नाकारेल. तिथेही आडवी रेघ घ्यावी.

मराठी की रोमन, याचे माझे उत्तर मराठी असे आहे, मात्र दोन अटींसह. एक म्हणजे नाव आटोपशीर ठेवा. अँड्रॉइड आणि लिनक्सवर नावाची मर्यादा साधारणतः २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा स्वतंत्र धरून, तीन बाइट घेते. म्हणजे हाती जेमतेम पंच्याऐंशी चिन्हे उरतात. दुसरी अट अशी की, आम्ही येथे नमुने देवनागरी अंकांत लिहीत असलो तरी फाइलीच्या नावात अंक इंग्रजीच टंकावेत. संकेतस्थळावर क्रमांक इंग्रजी अंकांत असतो, तोच चिकटवून शोधता येतो, आणि दोन्ही प्रकारचे अंक मिसळले की क्रमवारी दोन तुकड्यांत फुटते. काही जुन्या संगणकांवर झिप केलेली मराठी नावे चौकोन होऊन उघडतात, त्यामुळे बाहेर पाठवताना झिप न करता फायली सुट्या पाठवाव्यात.

नावाकडे एवढे लक्ष का द्यावे, फाइलीच्या आतला मजकूर शोधता येत नाही का, असे कोणी विचारील. स्कॅन केलेल्या कागदात मजकूर नसतोच, नुसते चित्र असते. टंकलिखित मराठी पीडीएफमध्येही जोडाक्षरे आणि वेलांट्या आतून अशा विस्कटलेल्या असतात की ‘प्रतिवादी’ शोधले तर पानभर प्रतिवादी समोर असूनही एकही सापडत नाही. इंग्रजी निकालांना ही अडचण सहसा येत नाही. मराठी कागदांना मात्र नाव हाच आधार आहे.

नाव बदलल्याने आदेशावरची डिजिटल सही बिघडते का, ही शंका अनेकांना असते. ती बिघडत नाही. सही मजकुरावर असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात जे हॅश मूल्य (फाइलीची ओळख पटवणारी अंक-अक्षरांची माळ) लिहावे लागते, तेही मजकुरावरून निघते, नावावरून नाही. मात्र फाइल उघडून ‘प्रिंट’मधून पुन्हा पीडीएफ बनवली, तर सही जाते आणि हॅशही बदलते. म्हणून नाव थेट फाइलीवरच बदला. विंडोजमध्ये फाइल निवडून एफ-२ दाबले की नाव बदलता येते आणि त्यानंतर टॅब दाबले की तसेच पुढच्या फाइलीवर जाता येते. जुन्या फायली सरळ करताना याने बराच वेळ वाचतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची फाइल उतरवली तर तिच्या मूळ नावात सुरुवातीला डायरी क्रमांक आणि वर्ष, तर शेवटी आदेश की निकाल हा प्रकार आणि तारीख असते. ते नाव पुसू नका, त्याच्या आधी आपले दोन शब्द जोडा.

सुकीकाठ, रावेर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दप्तरी काकांचा क्रम घ्यावा असे वाटते, कारण आमच्याकडे निम्मे काम मोबाइलवरच चालते.

आता दोन गोष्टी उरतात. भूसंपादनाच्या अर्जांचा निकाल सामाईक आहे. आमच्या कुटुंबातल्या निरनिराळ्या खातेदारांचे आणि गावातल्या इतरांचे अनेक अर्ज एकाच निकालपत्राने निकाली निघाले आहेत. मग नावात कोणता क्रमांक घ्यावा? आणि पक्षकारांची नावे घालायची झाली तर खालच्या न्यायालयात आम्ही अर्जदार होतो, खंडपीठात शासन अपिलार्थी आणि आम्ही उत्तरवादी आहोत. मग ‘विरुद्ध’च्या आधी कोणाला लिहावे?

पांझराकाठ, धुळे

पक्षकारांचा प्रश्न सोपा आहे. ‘विरुद्ध’ लिहूच नका. कोणत्याही न्यायालयात गेले तरी बदलत नाही असे तुमच्या बाजूचे एक नाव घ्या. भूसंपादनात माणसाच्या नावापेक्षा गाव आणि गट क्रमांक अधिक टिकाऊ ठरतो, कारण अर्जदार निवर्तला की वारस दाखल होतात आणि नाव बदलते, पण गट तोच राहतो.

सामाईक निकालाचे तसे सोपे नाही. प्रत्येक अर्जाच्या फोल्डरमध्ये एकेक प्रत ठेवणे मला पसंत नाही. पुढे त्यांपैकी एका प्रतीवर कोणी टिपणे करतो आणि कोणती प्रत मूळ हे समजेनासे होते. निकालपत्राच्या शीर्षकात जो क्रमांक पहिला आहे तो मुख्य धरावा, नावात तेवढाच घ्यावा आणि त्यापुढे ‘व-इतर’ लिहावे. मग गाव, मग तारीख: भूसं-४७-२००९-व-इतर_गावाचे नाव_२०१६-०३-०४_निकालपत्र. ही फाइल गावाच्या नावाच्या एका सामाईक फोल्डरमध्ये एकदाच राहील. खंडपीठातल्या आदेशांचे मात्र तसे करू नका. प्रत्येक प्रथम अपिलाला स्वतःचा क्रमांक असतो आणि मोबदल्याची रक्कम भरण्याचे किंवा काढण्याचे आदेश अनेकदा एकेका अपिलापुरते असतात, त्यामुळे तिथे प्रत्येक अपिलाचा फोल्डर वेगळाच हवा.

जुना दप्तरी, अमळनेर

यात एक भर घालतो. ‘व-इतर’ लिहिल्यावर त्या इतरांत कोण आहे हे नावावरून कळत नाही, म्हणून त्याच फोल्डरमध्ये एक तक्ता ठेवा. एका ओळीत संदर्भ अर्जाचा क्रमांक, खातेदाराचे नाव, गट क्रमांक, प्रथम अपिलाचा क्रमांक आणि सीएनआर. कार्यालयात यासाठी आम्ही जाडजूड रजिस्टर ठेवत असू, तेच काम हा तक्ता करील. गावातले कोणी विचारायला आले की त्याचा गट पाहून अपिलाचा क्रमांक लगेच सांगता येतो.

आणि जुन्या स्कॅन फायलींना नावे देण्याचे काम एकदम काढू नका. ज्या प्रकरणाची पुढची तारीख जवळ आहे त्याचा फोल्डर आधी घ्या. निकाली निघालेल्यांपैकी ज्यांची दरखास्त (बजावणीचा अर्ज) अजून करायची आहे ती प्रकरणे त्यानंतर घ्या, कारण हुकूमनाम्याच्या बजावणीला मुदत बारा वर्षांची असली तरी कागद शोधण्यातच त्यांतली पुष्कळ निघून जातात. बाकीचे पावसाळ्यात, शेतीची कामे थांबली की करा.