तोंड धुवायचा सिलिकॉन ब्रश कुणी वापरलाय काय?

खडेबाजारातल्या मेडिकलमधनं मागच्या आठवड्यात घेतला, सोबत एक जेल मॉइश्चरायझर पण. रोज दोनदा घासतेय, आठ दिवस झाले, आता नाकाच्या बाजूला लाल झालंय आणि क्रीम लावलं की चुरचुरतंय. ब्रश वाईट की क्रीम, काय कळंना झालंय.

निपाणीकर: अगं दोनदा कशाला? भांडी घासायलीस काय! ब्रश आठवड्यातनं दोनदा, तेपण हलक्या हातानं, अर्धा मिनिट बास.

खानापूरची पोरगी: मला वाटतंय क्रीम बरंच असंल, घासून घासून कातडीचा वरचा थर गेलाय म्हणून झोंबतंय. आता ब्रश ठेव बाजूला. साधं बिनवासाचं, ग्लिसरीन नाहीतर सेरामाइड (कातडीत ओलावा धरून ठेवतंय ते) असलेलं क्रीम घे आणि तोंड ओलसर असतानाच लाव, टॉवेलनं खरखरून पुसून मग लावलं तर ओलावा राहणार कसा? मी पण नायलॉनच्या केसांचा ब्रश घेतलेला, ओला तसाच बाथरूममध्ये राहायचा, वास मारायला लागला, टाकला. सिलिकॉनचा लवकर वाळतोय तरी.

शहापूरवाली: सॅलिसिलिक अ‍ॅसिडचा, मुरमांसाठीचा फेसवॉश असंल तर तोपण थांबव गं. लाली नाही गेली तर सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखव.

मूळ प्रश्नवाली: होय की, फेसवॉश तोच आहे!! तिन्ही एकदम चालू केलेलं मी.