मदत हवी आहे: चवथीच्या लुकलुकत्या माळा आणि मुलीची फिट

नमस्कार मंडळी, आम्ही डिचोलीजवळ राहतो, मुलगी 9 वर्षांची. गेल्या चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) बसून आरती म्हणत होती, मखराच्या लाल-हिरव्या एलईडी माळा भरभर उघडझाप करत होत्या आणि एकदम तिची नजर थिजली, मान वळली, मग हातपाय ताठ आणि झटके. दोनेक मिनिटंच असतील पण माझा जीव गेला. कोणी चप्पल हुंगायला आणली, कोणी म्हणे दातात चमचा घाला (घातला नाही, नशीब!). सासूबाई अजून दिश्ट काढतात, काढोत बापड्या, गोळ्या मात्र घड्याळ बघून देतात.

ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) काढताना डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवला आणि तेव्हाच आलेख बिघडला, म्हणून फोटोसेन्सिटिव्ह एपिलेप्सी, म्हणजे लुकलुकत्या उजेडाने फिट येण्याचा आजार. फिट येणाऱ्या शंभरात साधारण तिघांनाच ही असते म्हणे, पण मुलांत जास्त. सेकंदाला 3 पेक्षा जास्त वेळा उघडझाप नको, गडद लाल तर नकोच, टीव्ही लांबून आणि खोलीत दिवा लावून, जागरण बंद.

आता अडचण अशी की माळेच्या डबीवरचं बटण सातआठ वेळा दाबलं की माळ स्थिर होते, पण लाइट जाऊन आली की डबी सगळं विसरते आणि पुन्हा पहिल्यापासून नाच सुरू! आणि चवथीच्या पावसात लाइट किती वेळा जाते ते गोंयकारांना काय सांगायचं. खोक्यावर 'आठ फंक्शन' मोठ्या अक्षरात, सेकंदाला किती वेळा लुकलुकते ते कुठेच नाही. स्थिरच राहणारी माळ कशी ओळखायची? आणि नरकासुराच्या रात्री (दिवाळीच्या आदल्या रात्री त्याचा पुतळा करतात तेव्हा) वाड्यावर डीजेबरोबर ते पांढरे झगझग लाइट असतात, तिला घरात कोंडून ठेवायचं का?

प्रतिसाद 1
ताई, डबीवाली माळ घेऊच नका. एकरंगी, डबी नाही रिमोट नाही अशी मागा आणि दुकानातच प्लग दोनतीनदा काढून घालून बघा. जुनी माळ असेल तर सांधा ढिला होऊन फडफडते, ती सरळ फेकून द्या.

प्रतिसाद 2
माझा मुलगा 14 चा आहे, फोंड्याला असतो. त्याला आम्ही एक शिकवलंय, झगमगाट दिसला की एका डोळ्यावर तळहात घट्ट दाबायचा आणि तोंड फिरवून चालू लागायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून उजेड आत जातोच. खेळ म्हणून रोज करून घ्या, भीती घालून नको. दुपारी स्कूटरवर माडांच्या रांगेतून ऊन चमकतं तेव्हासुद्धा हेच, शिवाय टोपी. घरचे ऐकत नसतील तर त्यांना जपानचं सांगा, डिसेंबर 1997 मध्ये टीव्हीवरच्या पोकेमॉन कार्टूनमध्ये लाल-निळा झगमगाट झाला आणि 600 हून जास्त जणांना, बहुतेक मुलंच, हॉस्पिटलात न्यावं लागलं. तिथे कोणाची दिश्ट होती?

धागाकर्ती
एका डोळ्याचं माहीतच नव्हतं, आम्ही तिला दोन्ही मिट म्हणत होतो! नरकासुराचा पुतळा करणाऱ्या वाड्यावरच्या मुलांशी बोलले, संध्याकाळी डीजे लागायच्या आधी तिला कागद चिकटवायला बोलावणार आहेत. झगझग लाइटवाल्याशी कोण बोलणार ते अजून ठरायचंय.