चपलांचे सोल्युशन आणि पायांना येणाऱ्या मुंग्या : कोणती तपासणी करावी?

नमस्कार. आम्ही निपाणीचे. माझे धाकटे काका गेली अकरा वर्षे घरातल्याच एका खोलीत चपलांना तळ चिकटवण्याचे काम करतात. अस्सल कोल्हापुरी चपलेचा तळ चामड्याच्या वादीने शिवला जात असल्यामुळे आजोबांना सोल्युशनची, म्हणजे चिकटवण्याच्या द्रवाची, गरज पडत नसे. रबरी तळाच्या मालाला मागणी वाढली, तसे पत्र्याचे डबे घरात आले.

गेल्या दिवाळीपासून काकांच्या दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात. आता पायातली चप्पल मागे राहिली तरी त्यांना चार पावले कळत नाही, आणि आरी हातातून निसटते. डॉक्टरांनी साखर तपासली, ती योग्य निघाली. बी-12 च्या गोळ्या दीड महिना घेऊनही फरक पडला नाही. काम कोणते करता, हे कोणी विचारले नाही आणि आम्हालाही सांगण्याचे सुचले नाही.

सोल्युशन दुकानदार पिंपातून सुटे काढून देतो, डब्यावर काहीही लिहिलेले नसते. त्यात एन-हेक्झेन हे चिकटद्रव्य पातळ ठेवणारे द्रावक असावे असा माझा संशय आहे, कारण शरीरात त्यापासून तयार होणारे 2,5-हेक्झेनडायोन हातापायांच्या नसांना इजा करते आणि जपानमध्ये 1960 च्या दशकात घरोघरी सँडल बनवणाऱ्या कामगारांना नेमका हाच विकार झाला होता. हेक्झेनची वाफ हवेच्या सुमारे तिप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत साचते, आणि काका पाटावर बसूनच ब्रश फिरवतात. पावसाची झड आत येते म्हणून सध्या खिडक्याही बंद असतात. उंबऱ्यापलीकडे काकूंची गॅसची शेगडी आहे. हेक्झेनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेट घेण्याइतकी वाफ सुटू लागण्याचे तापमान, उणे 22 अंश सेल्सिअस असून हवेत त्याची वाफ 1.1 टक्का झाली तरी ठिणगीने पेट घेऊ शकते, हे वाचल्यापासून शेगडी मागच्या पडवीत हलवली आहे.

जाणकारांना विचारायचे ते असे. नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसांतून संदेश किती वेगाने जातो ते पाहणारी) बेळगावला करावी की कोल्हापूरला, आणि लघवीतील हेक्झेनडायोन मोजणारी प्रयोगशाळा जवळपास आहे का? नमुना आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, काम संपताना द्यावा लागतो, त्यामुळे अंतर महत्त्वाचे आहे. साध्या पंख्याच्या मोटारीतून ठिणगी पडण्याची भीती असताना जमिनीलगतची वाफ बाहेर कशी काढावी? पाण्यावर आधारित चिकटद्रव्य रबरी तळाला टिकते, असा कोणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?

सर्वांत अडचणीची बाब वेगळीच आहे. हेक्झेनचा संपर्क थांबल्यावरही दोन-तीन महिने त्रास वाढत राहू शकतो. गणपतीपूर्वीची ऑर्डर सोडून काका घरी बसले आणि पाय आणखी जड झाले, तर काम सोडल्यानेच बिघडले असे म्हणून ते पुन्हा डबा उघडतील. ज्यांच्या घरी असे घडले आहे, त्यांनी त्या महिन्यांत रुग्णाची समजूत कशी घातली, ते कृपया सविस्तर लिहावे.