उन्हाळा तोंडावर असताना पुन्हा गारठा: घर उबदार कसं ठेवावं?

सांजवारा:
आम्ही दोघे निवृत्त, वय ७२ आणि ६८. दिवसभर घरातच असतो. थंडी सरली म्हणून लोकरीचे कपडे आणि रजया माळ्यावर गेल्या होत्या, आणि या आठवड्यात पुन्हा गारठा पडलाय. दुपारी बाहेर २० अंशांपर्यंत जातं, पण घरात भिंती आणि फरशी गारच. पहाटे बैठकीच्या खोलीत १५ अंश असतं. हिला सतत थंडी वाजते, मला विशेष जाणवत नाही. हीटर रात्रभर लावावा का? खिडक्या उघडाव्यात की बंदच ठेवाव्यात? सकाळी काचांवर पाणी साचलेलं असतं, ते कशामुळे? आणि बाहेर काढलेल्या रजयांना डांबरगोळ्यांचा उग्र वास येतोय.

विटामाती:
काका, या दिवसांत घर बाहेरच्या हवेच्या मागे असतं. जाड भिंती आणि फरशी रात्री गार होतात आणि तापायला बराच वेळ घेतात, म्हणून भर दुपारी बाहेर उबदार आणि आत गार असं होतं. कडाक्याच्या थंडीत दारं-खिडक्या लावून बसायची सवय लागलेली असते, ती इथे उलटी पडते. साधारण १२ ते ३ या वेळात बाहेरचं तापमान घरापेक्षा जास्त असेल तर समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, उन्हाच्या बाजूचे पडदे पूर्ण सरकवा. ऊन उतरायला लागलं की खिडक्या बंद. सूर्यास्ताच्या आधीच पडदेही ओढून घ्या, अंधार पडल्यावर नव्हे.

काचांवरचं पाणी तुमच्याच श्वासातलं आणि घामातलं आहे. बंद खोलीत दोन माणसं झोपली तर रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं आणि सगळ्यात गार जागी, म्हणजे काचेवर, जमतं. सकाळी ते फडक्याने पुसून फडकं बाहेर वाळत घाला आणि पाच-दहा मिनिटं खिडकी उघडा. एवढ्या वेळात हवा बदलते, भिंती गार होत नाहीत. ओले कपडे मात्र घरात वाळत घालू नका. धुण्याच्या एका खेपेतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं आणि मग कपाटामागच्या भिंतीला बुरशी धरते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेलं बरं.

सगळं घर तापवायच्या फंदात पडू नका. दिवसा जिथे बसता ती एकच खोली निवडा, तिथे किमान १८ अंश राहू द्या. दोघांपैकी कोणी आजारी असेल तर २०-२१. थर्मामीटर बसल्यावर छातीच्या उंचीला येईल असा आतल्या भिंतीवर लावा. खिडकीजवळ किंवा हीटरसमोर लावलात तर आकडा फसवा येतो.

तारजोडणी:
हीटरपुरतं सांगतो. रात्रभर नको. झोपायच्या तासभर आधी लावा, अंथरुणात शिरताना बंद करा. लाल होणाऱ्या सळ्यांचा असेल तर माणूस झोपलेला असताना अजिबातच नको. खोलीसाठी तेलाचा रेडिएटर चांगला, कारण तो बंद केल्यावरही थोडा वेळ ऊब देतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, तेव्हा थेट भिंतीतल्या जाड पिनांच्या सॉकेटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डला नाही. अर्ध्या तासाने प्लग हाताला चटका देण्याइतका गरम लागला तर आतली पकड सैल आहे. हीटर वापरणं थांबवा आणि सॉकेट बदलून घ्या. पडदा, पांघरूण, खुर्ची सगळं एक मीटर लांब. कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी उबेसाठी बंद खोलीत कधीच नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखून मळमळायला लागेपर्यंत कळत नाही.

शुश्रूषा:
काका, “मला विशेष जाणवत नाही” हे वाचून मला काकूंपेक्षा तुमची काळजी वाटली. वयानुसार स्नायू कमी होतात, त्यामुळे शरीरात उष्णता कमी तयार होते. कातडीखालच्या रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या पटकन आकसत नाहीत आणि थंडीची जाणीवही बोथट होते. कुडकुडायला उशिरा लागतं. झोपेची गोळी किंवा थायरॉइडचा त्रास असेल तर आणखी सांभाळा. म्हणून अंगाला विचारू नका, थर्मामीटरला विचारा. खोली १८ च्या खाली गेली की थंडी वाजो न वाजो, आणखी एक थर चढवा.

माणूस गप्प गप्प झाला, बोलणं जड झालं, पोटाची कातडीही गार लागली तर अंगाचं तापमान बघा. काचेचा ताप मोजायचा थर्मामीटर ३५ च्या खाली दाखवतच नाही, डिजिटल वापरा. ३५ च्या खाली असेल तर लगेच वैद्यकीय मदत बोलवा. तोवर धड पांघरुणात गुंडाळा, हातपाय चोळू नका.

रक्तदाब थंडीत थोडा चढतो. पाच मिनिटं उबदार खोलीत बसून, रोज एकाच वेळी मोजा. एखादा आकडा वाढला म्हणून गोळी स्वतःहून वाढवू नका.

रात्री एका मोठ्या रजईऐवजी दोघांना दोन वेगळी पांघरुणं घ्या. एकीखाली एकाला घाम फुटतो, दुसऱ्याची पाठ उघडी पडते. काकूंना वरून तिसरं पांघरूण घालण्याआधी चादरीखाली एक ब्लँकेट अंथरून बघा. गादी अंगाच्या वजनाने दबते आणि ऊब खालून निघून जाते. मोजे सैल हवेत, घट्ट मोज्यांनी पाय जास्त गार पडतात.

सांजवारा:
गरम पाण्याची रबरी पिशवी हिच्या पायाशी रात्रभर ठेवली तर चालेल का? हिला मधुमेह आहे.

शुश्रूषा:
नाही. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, भाजलेलं कळत नाही. झोपायच्या आधी अर्धा तास पिशवी अंथरुणात ठेवा आणि काकू आत शिरताना बाहेर काढा. पाणी उकळतं नको, पिशवी दोन तृतीयांशच भरा, आडवी दाबून हवा काढून मग बूच लावा आणि वर कापडी खोळ हवीच. रबराला भेगा दिसल्या किंवा पिशवी दोन वर्षांहून जुनी असली तर टाकून द्या. इलेक्ट्रिक ब्लँकेटबरोबर ती कधीही वापरू नका.

आंघोळीचं पाणी ३८ ते ४० अंश पुरे. बादलीत आधी गार, मग गरम. पायाने नव्हे, कोपराने तपासा. गरम पाण्याच्या आंघोळीनंतर झटकन उभं राहिलं तर चक्कर येते, स्टुलावर मिनिटभर बसून अंग पुसा.

कपाट:
डांबरगोळ्यांच्या वासाच्या रजया तशाच अंगावर घेऊ नका, ती वाफ श्वासातून जाते. दोन-तीन दुपारी उन्हात दोन्ही बाजूंनी पसरून ठेवा, आधी झटकून घ्या. वास राहिलाच तर खोळ धुवा, आतला कापूस धुऊ नका. तो वाळत नाही आणि कुबट होतो.

विटामातींच्या दुपारच्या खिडक्यांबद्दल एक भर: पाऊस पडून गेला असेल तर उघडू नका. बाहेर २० अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर त्या हवेतली वाफ साधारण १५ अंशांच्या पृष्ठभागावर पाणी होते. तुमच्या भिंती नेमक्या तेवढ्याच गार आहेत.

विटामाती:
बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. आर्द्रता दाखवणारा थर्मामीटर मिळतो, तोच घ्या काका. घरात ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. हीटरमुळे ४० च्या खाली गेली आणि घसा कोरडा पडायला लागला तर हीटर एक खूण कमी करा.