नुसत्या गाड्यांचा धूर मोजून खानदेशचं प्रदूषण कळणार नाही

गाड्यांचा धूर हेच प्रदूषणाचं सर्वात मोठं कारण, असं अनेकदा म्हटलं जातं. पुण्या-मुंबईला ते बरंचसं लागू पडेल, पण आपल्याकडे हवा आणि पाणी यांचा हिशोब वेगवेगळाच मांडायला हवा.

हवेत पहिला नंबर राखेचा. भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्राचा 500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला, तर दिवसाला साडेसात-आठ हजार टन कोळसा लागतो. आपल्या कोळशात राख 35 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे रोज अडीच हजार टनांवर राख. धूळ पकडणारी यंत्रणा 99.9 टक्के चालली तर चिमणीतून दोनेक टन उडते, 99 वर घसरली की वीस टनांवर! टक्का एकही हलत नाही, राख मात्र दहापट. शिवाय राखेचं तळं उन्हाळ्यात कोरडं पडलं की वाऱ्याने उडते ती वेगळी. हिवाळ्यात शेतात पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) पेटवली की धूर सकाळच्या थंड हवेत जमिनीलगतच अडकून राहतो.

पाण्याचा धोका दिसत नाही, म्हणून तो मला जास्त गंभीर वाटतो. केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्र (नायट्रोजन), म्हणजे सुमारे 435 ग्रॅम युरिया. रावेर-यावल पट्ट्यात तो दोन-तीन हप्त्यांत टाकून मोकाट पाणी सोडलं, तर बराचसा नायट्रेट होऊन विहिरीत उतरतो. तोच ठिबकमधून दर आठवड्याला थोडाथोडा द्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून ते जात नाही, उलट वाढतं. बोअरचं पाणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर, असं दोनदा तपासून घ्या, घरात तान्हं बाळ असेल तर आधी.