'हू'च्या पुढं 'इज' का 'अ‍ॅम'?

बालाघाटी
मंडळी, एका शब्दावर घोडं अडलंय. मामेभावाच्या पासपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग एक आणि दहावीच्या सनदेवर दुसरं. म्हणून लातूरला कोर्टासमोर टायपिंगवाल्याकडं इंग्रजी शपथपत्र करायला बसलो. त्यानं पहिलीच ओळ हाणली, 'आय, हू इज अ रेसिडेंट ऑफ लातूर डिस्ट्रिक्ट'. घरी ताईनं वाचलं (ती इंग्रजीच शिकवते) आणि लाल पेननं 'इज' खोडून वर 'अ‍ॅम' लिहिलं. टायपिंगवाल्याचं म्हणणं, 'हू'च्या पुढं इजच येतं, आजवर एक कागद परत आला नाही. ताईचं म्हणणं, 'आय'च्या पुढं इज दिसलं की डोळ्यात खडा गेल्यासारखं होतं. स्टॅम्प पेपर वाया जायच्या आत सांगा, कोण बरोबर? आणि मराठीत असली भानगड होते का?

गोदाकाठची
ताई बरोबर. 'हू'ला स्वतःचा पुरुष नसतो आणि वचनही नसतं. मागच्या ज्या नामाला किंवा सर्वनामाला ते जोडलंय, त्याचं घेतं आणि क्रियापदाला देतं. मागं 'आय' तर 'हू अ‍ॅम', मागं 'यू' तर 'हू आर', मागं 'माय ब्रदर' तर 'हू इज'. आता गंमत अशी की बोलताना इंग्रज स्वतः 'इट्स मी हू इज टू ब्लेम' म्हणतात. 'आय'चं इंग्रजी 'मी' झालं की क्रियापद खुशाल तृतीय पुरुषात जातं आणि कुणाला खटकत नाही. म्हणजे टायपिंगवाल्याचा कान अगदीच वाया गेलेला नाही.

पण शपथपत्रात 'हू' पाहिजेच कशाला? 'आय', मग नाव, 'एज्ड अमुक इयर्स, ऑक्युपेशन अ‍ॅग्रिकल्चर, रेसिडेंट ऑफ' अमुक गाव, 'डू हिअरबाय सॉलेम्नली अफर्म'. संबंधी वाक्यच नाही, तर भांडण कशाचं?

जालनेकर
आमच्या शाळेत रोज सकाळी 'आवर फादर, हू आर्ट इन हेवन' व्हायचं. आम्हाला कित्येक वर्षं वाटायचं, देवाचा चित्रकलेचा तास चालू आहे. नंतर कळलं, 'आर्ट' हे 'दाउ'चं, म्हणजे जुन्या 'तू'चं क्रियापद. देवाला समोर उभं करून हाक मारली आहे, म्हणून 'हू'च्या पुढं 'आहेस'. 1611 च्या बायबलात तर तिथं 'विच आर्ट' आहे. माणसाला 'विच' लावायची तेव्हा चाल होती, आज लावलं तर मास्तर कान धरतील. मराठी प्रार्थनेत मात्र 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. 'जो' नाही, 'आहेस' नाही, एका 'तील'मध्ये सगळं आलं.

परभणीची
मराठीत होत नाही कोण म्हणतं? आमच्या घरातलं रोजचं वाक्य घ्या. 'मीच ती, जी तुमच्यासाठी रात्रभर जागले.' सासूबाई म्हणतात 'जागली'. मी 'जागले' म्हणते, कारण जागणारी मी आहे. त्या 'जागली' म्हणतात, कारण मधे 'ती' बसलीय. ताईचं नि टायपिंगवाल्याचं भांडण दुसरं काय आहे?

आणि टायपिंगवाल्याला खटकलं का नाही, तेही सांगते. मराठीत 'मी आहे' आणि 'तो आहे', दोन्हीकडं 'आहे'च. 'मी, जो लातूरचा आहे' यात फरक ऐकूच येत नाही. तेच 'आम्ही, जे लातूरचे' पर्यंत आणून त्याच्यापुढं ठेवा. 'आहोत'च म्हणेल, 'आहेत' म्हणणार नाही. नियम त्याला येतो, फक्त ह्या एका जागी मराठी त्याला सावध करत नाही.

शुद्धलेखनी
मुळात 'मी, जो लातूरचा रहिवासी आहे' ही वाक्यरचना मराठी आहे का, यावर कुणी बोलायलाच तयार नाही. मराठीत 'जो' आधी आणि 'तो' नंतर. 'जो माणूस काल आला होता, तो माझा मामा.' हल्ली ऐकू येतं, 'तो माणूस, जो काल आला होता, माझा मामा आहे.' ही मालिकांच्या भाषांतरकारांची देणगी. इंग्रजीच्या ओंजळीनं पाणी प्यायचं आणि वर त्याला प्रवाही भाषा म्हणायचं.

दख्खनी
शुद्धलेखनीदादा, सगळं पाप मालिकांच्या माथी मारू नका. मराठवाड्यात आमच्या आजोबांच्या पिढीनं निजामाच्या राज्यात उर्दूतून शाळा केली. उर्दूत 'वो आदमी, जो कल आया था' ही सरळ, रुळलेली रचना. माझे आजोबा 'तो वकील, जो औरंगाबादला असतो' असंच बोलायचे. घरात टीव्ही यायच्या किती आधीची गोष्ट ही! माझं तर म्हणणं आहे की आपल्याकडं ही रचना कोर्टकचेरीच्या उर्दूतून आली.

शुद्धलेखनी
आजोबा हा पुरावा नव्हे.

खडू_फळा
भांडा खुशाल, पण वर्गात काय होतं ते बघा. नववीच्या पोरानं लिहिलेलं वाक्य समोर आहे, 'विच बॉय केम फर्स्ट, ही गॉट द प्राइज.' पेपर तपासणारा सरळ काट मारेल. मी अर्धा मार्क देतो, कारण पोराचं मराठी चोख आहे. 'जो मुलगा पहिला आला, त्याला बक्षीस मिळालं.' त्यानं 'जो'ला 'विच' लावलं, 'त्याला'ला 'ही' लावलं आणि हिशोब जुळवला. इंग्रजीत 'बॉय' आधी बाहेर येतो, 'हू' त्याच्या पाठीला चिकटतं आणि 'तो' गायब होतो. 'द बॉय हू केम फर्स्ट गॉट द प्राइज.' हे 'तो' गिळणं पोरांना पटत नाही. म्हणून 'द वेल विच वी डग इट' असंही लिहितात. विहीर एकदा 'विच'मध्ये येऊन गेली, तरी 'इट' घालून पुन्हा आणायची.

मी 'जो-तो' फळ्यावर लिहीतच नाही. धातुसाधित विशेषण घेतो. 'विहीर खोदणारा माणूस' आणि 'आम्ही खोदलेली विहीर'. 'णारा' आला की नाम स्वतः काम करतंय, तिथं 'हू' किंवा 'विच' लिहायचंच, सुटका नाही. 'लेली' आलं आणि खोदणारा दुसरा असला, तर नाम कर्म आहे, तिथं 'विच' गाळलं तरी चालतं. 'द वेल वी डग ड्राइड अप.' पण 'द मॅन डग द वेल इज माय अंकल' लिहिलं की गेलं. 'आलेला पाहुणा' इथं मात्र फसायला होतं, कारण 'लेला' असूनही येणारा पाहुणाच. तो एक तास वेगळा घ्यावा लागतो. 'हूम' शिकवायचं मी सोडलंय, ज्याला पाहिजे त्यानं शिकवावं.

बालाघाटी
सर, हे झकास आहे. पण 'वन ऑफ दोज टीचर्स हू कम ऑन टाइम', का 'कम्स'? ताईनं हेही काढलंय.

खडू_फळा
'कम'. 'हू' चिकटलंय 'टीचर्स'ला, वेळेवर येणारे पुष्कळ आहेत, त्यातला हा एक. 'द ओन्ली वन ऑफ द टीचर्स हू कम्स ऑन टाइम' म्हणालात तर 'कम्स', कारण येणारा एकटाच. (आमच्या शाळेत दुसरं वाक्य लागू पडतं.)

गोदाकाठची
शपथपत्राचा विषय आहे म्हणून एक. 'माय सन हू लिव्हज इन पुणे' असं स्वल्पविरामाशिवाय लिहिलंत, तर वाचणारा विचारील, पुण्यात न राहणारा मुलगा कुठाय? दोन्हीकडं स्वल्पविराम दिला की मुलगा एकच, पुणं ही जादा माहिती. वारसाच्या कागदात हा ठिपका महाग पडतो. आणि स्वल्पविरामानंतर 'दॅट' चालत नाही.

देगलूरनाका
इंग्रजी 'विच' गाळतं म्हणे! मराठी काय कमी गाळते? 'कसेल त्याची जमीन.' 'मागेल त्याला शेततळे.' कुठाय 'जो'? इंग्रजीत कर्त्याच्या जागचं सर्वनाम गाळता येत नाही, आपण नेमकं तेच गाळतो आणि 'त्याला' ठेवतो. 2016 साली शेततळ्याची योजना निघाली, तेव्हा भिंतीभिंतीवर हे वाक्य होतं. 'जो मागेल त्याला' लिहिलं असतं तर वाक्याची मजाच गेली असती.

शुद्धलेखनी
हे मान्य. पसायदानात मात्र दोन्ही जोड्या पुऱ्या आहेत. 'जो जे वांछील तो ते लाहो.' एका वाक्यात दोन संबंधी सर्वनामं, एक कर्ता, एक कर्म, आणि दोघांचे जोडीदार लगेच पुढं ओळीनं हजर. इंग्रजीत करून दाखवा. 'मे ईच क्रीचर गेट व्हॉट इट डिझायर्स' म्हणावं लागतं, म्हणजे 'जो' गेला आणि 'ईच' आला. आपल्या मराठवाड्याच्या मातीतलं वाक्य आहे ते.

जालनेकर
माती नेवाशाची, मराठवाड्याची नाही. शके 1212, म्हणजे 1290.

शुद्धलेखनी
आपेगाव पैठण तालुक्यातच आहे ना? आणि ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत 1584 मध्ये कुणी सिद्ध केली? पैठणच्या नाथांनी.

जालनेकर
जन्म आपेगावचा, शुद्ध प्रत पैठणची, लिहिली नेवाशालाच. मी एवढंच म्हटलं.

दख्खनी
'जो-तो' नको असेल तर आमच्याकडं या. दखनीत, म्हणजे आपल्या दक्खनच्या उर्दूत, 'कल आया सो आदमी'. 'तुम बोले सो बात'. 'जो' नाही, मधे एक 'सो' टाकला की काम झालं. दिल्लीवाल्याला हे चुकीचं वाटतं, पण 'काल आलेला माणूस' याच साच्याचं आहे.

देगलूरनाका
तेलुगूचा साचा तो. 'निन्न वच्चिन मनिषि', अक्षरशः काल-आलेला-माणूस. आम्ही सीमेवरचे, बाजारात रोज ऐकतो. मराठीचं 'आलेला' तिकडूनच आलं असणार.

शुद्धलेखनी
काहीही! संस्कृतात 'आगत' काय तेलुगूतून आलं? आणि 'सो' म्हणजे सरळ 'सः'.

दख्खनी
'सः' असेल हो, पण तो बसला कुठं ते बघा. शेजारच्या खालाजान म्हणतात, 'अम्मी पकाई सो सालन'. सालन पुल्लिंगी, तरी 'पकाई'. दखनीत 'ने' नाही, क्रियापद कर्त्यामागं जातं.

परभणीची
म्हणजे 'अब्बा लाए सो रोटी'? 'लाई' नाही?

दख्खनी
'लाए'च.

शुद्धलेखनी
संपादक, हा धागा उर्दू विभागात हलवा.

देगलूरनाका
'हलवा' हे क्रियापद घ्यायचं का नाम?